तान्हीकाकीचं अळणी

तान्हीकाकीला मीठ खायला मी सांगितलं. ‘खा’ म्हणालो, तेही हातातल्या फोनमधून मान वर न करता. तिकडे तांबड्या समुद्रात कोणी कोणाच्या जहाजावर काय सोडायचं हे शेणवे गावातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात ठरत नाही, एवढं मलाही कळतं. पण त्यानंतर काकीने जे भोगलं ते माझ्या त्या एका शब्दाने आणि नंतर मी मिटून घेतलेल्या तोंडाने. म्हणून हे लिहायला बसलो आहे. अडचण अशी की लिहायला लागलो की माझी चूक बाजूला सरते आणि काकीच पुढ्यात येऊन बसते.

बसते म्हणजे उकिडवी. माझ्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. काकी त्यांच्याकडे बघायचीही नाही. दुकानाच्या पायरीवर गुडघे छातीशी घेऊन बसायची, कासोटा नीट खोचायची आणि मिश्री लावलेल्या काळ्या दातांनी हसायची. अंगाने काटकुळी, पण आवाज असा की पलीकडच्या गिरणीत दळण थांबायचं. कोणी म्हणालं, ‘काकी, खुर्ची घ्या,’ तर म्हणायची, “नको गो बाय. उठताना ती माज्यासंगं येल.”

ती आमच्या शेजारची. माझी सख्खी काकी नव्हे, पण माझी आई गेल्यावर आमच्या घरी पहिली भाकरी तिने आणून दिली होती, तेव्हापासून काकी. मला ती कधी प्रकाश म्हणाली नाही. परकाशा म्हणायची, आणि जरा लाडात असली तर डेऱ्या. माझं पोट दुकानात बसून सुटलं ते तिला फार खुपायचं. “तुजी बायको तुला काय घालते ते मलाबी सांग रे. बैलाला घालीन.”

बैलावरून आठवलं. काकीचं माहेर मुरबाडकडे, म्हशाजवळच्या एका पाड्यात. नवरा गेला त्या हिवाळ्यात ती एकटी म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला गेली होती. तिथे बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. दलाल आणि घेणारा टॉवेलखाली एकमेकांची बोटं धरतात आणि भाव त्या बोटांनीच ठरतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. काकीने बैलाचे दात पाहिले, त्याला चालवून पाहिलं आणि दलालापुढे हात केला. दलाल घुटमळला. बाईमाणसाचा हात टॉवेलखाली कसा धरायचा? तो म्हणाला, “बाय, घरातला कोन बाप्या नाय का?” काकी म्हणाली, “धर हात. लगीन नाय लावायचा, बैल घ्यायचा हाय.” भोवतालची माणसं हसली, दलालाने मान खाली घालून टॉवेल टाकला. बैल घेऊन ती म्हशाहून शेणव्यापर्यंत चालत आली होती. तिचा मुलगा दिनेश तेव्हा लहान होता, बराचसा रस्ता तिच्या पाठुंगळी होता. ही गोष्ट ती स्वतः कधी सांगायची नाही. तिच्या भावाने मला सांगितली, आणि सांगताना त्याने स्वतःच्या हातावर टॉवेल टाकून दाखवला.

दिनेश तिचा एकुलता एक. शहापूरला आयटीआय करून काही दिवस आसनगावच्या एका कारखान्यात होता. मग कोणाच्या तरी ओळखीने जहाजाचा कोर्स केला आणि इंजिनरूममध्ये यंत्रांना तेलपाणी करणारा ऑइलर म्हणून लागला. आमच्या गावातून कोणी दर्यावर गेलेलं नव्हतं. आमच्याकडे पाणी म्हणजे नदी, ओहोळ आणि धरण. काकीने समुद्र पाहिलेला नव्हता. दिनेश जाण्याआधी तिला भातसा धरणावर घेऊन गेला आणि म्हणाला, “आये, असाच असतो, फक्त भिंत नसते.” काकीने पाण्याकडे बघत विचारलं, “मंग त्यो थांबतो कशानं?” दिनेशने हा प्रश्न मला हसत हसत सांगितला होता.

तो गेल्यावर काकी रोज संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊ लागली. मी तिला एक अॅप दाखवलं होतं. त्यात जगातली सगळी जहाजं ठिपके होऊन दिसतात, ज्याचं नाव टाकाल ते जहाज कुठे आहे ते कळतं. काकी माझ्या फोनला पाटी म्हणायची. “पाटी काड रे परकाशा. माजा बारका कुठं गेला बघू.” मी ठिपका दाखवायचो. त्यावर ती बोट ठेवायची आणि बोटाच्या दाबाने नकाशा पळायचा. “कवडा चपल हाय,” म्हणायची.

दिनेशचा फोन लागला की ती एकट्या दिनेशशी बोलायची नाही. मागे जो कोणी दिसेल त्याला हाक मारायची. एक जोएल नावाचा फिलिपिनो पोरगा होता, दिनेशच्याच पाळीत कामाला. काकी त्याला रोज विचारायची, “जेवलाव का?” तो काही दिवसांनी ते शिकला. फोन लागला की तोच आधी स्क्रीनमध्ये तोंड घालून ओरडायचा, “आई, जेवलाव का?” काकी पदर तोंडाला लावून हसायची. मला म्हणायची, “आपल्या डोलखांबच्या माणसावानी बोलतो बग.” एकदा तिने त्याला विचारलं, तुझी आई काय करते. दिनेशने इंग्रजीत विचारून सांगितलं, भातशेती करते. काकी एवढी खूष झाली की फोन ठेवल्यावर जो येईल त्याला सांगत सुटली, बोटीवरच्या पोराच्या आईचीपण आवणी असते.

मग तिकडे लढाई सुरू झाली. लढाई दुसऱ्यांची, मार जहाजांना. किनाऱ्याजवळून जाणाऱ्या मालाच्या जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं पडू लागली. बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. दिनेशची कंपनी मात्र तांबड्या समुद्रातूनच जहाज नेत होती. दिनेशने फोनवर सांगितलं की प्रत्येकाला विचारतात, नको असेल त्याने आधीच्या बंदरात उतरावं. त्याने हो म्हणून सही केली. उतरला असता तर पुन्हा कोण बोलावणार, ही त्याला भीती. काकी ऐकत होती. फोन बंद झाल्यावर तिने मला विचारलं, “त्या दर्याचा नाव काय बोलला त्यो?” मी म्हणालो, तांबडा समुद्र. तिने तोंडावर हात ठेवला. त्यानंतर तिने ते नाव कधी घेतलं नाही. ‘तिकडचा’ म्हणायची.

त्या दिवसापासून तिने मीठ सोडलं.

देवाचा नवस म्हणून सोडलं असतं तर लोकांना समजलं असतं, पण तिने कोणत्या देवाचं नाव घेतलं नव्हतं. माझ्या बायकोने, वैशालीने, तिला विचारलं तेव्हा काकी म्हणाली, “मीठ कुठला गो? दर्याचा. ज्याचा मीठ खाल्ला त्याचा देना लागतो. माजा पोर त्याच्या अंगावर बसलेला हाय. देना फेड म्हनून त्यानं पोरच मागला तर? त्यापरीस मी त्याचा खातच नाय.” वैशाली मला म्हणाली, “ह्यावर काय बोलायचं सांगा.” मीठ खाल्ल्याला जागायचं, हे आपण सगळेच बोलतो. काकीने ते शब्दाला शब्द धरलं.

जहाज त्या पट्ट्यात असेपर्यंत अळणी, पार झालं की मीठ. आणि पार झालं की नाही हे ठरवणारा मी. संध्याकाळी यायची, पायरीवर बसायची आणि विचारायची, “खाऊ का रे?” मी ठिपका पाहून सांगायचो, “नको, अजून आहे तिथेच.” किंवा, “बाहेर पडला काकी, खा.” मग ती कमरेला हात लावून उठायची आणि जाता जाता वैशालीला ओरडून सांगायची, “सून, आज सुकट कर गो. मीबी येतं जेवायला.” पहिल्या दोन फेऱ्यांना असं झालं. मला मनातून जरा बरंही वाटायचं. एका बाईचं जेवण माझ्या शब्दावर आहे, हे वाटणं किती वाईट आहे ते तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या फेरीला जहाज अडकून पडलं. पुढे जायची परवानगी मिळेना, मागे फिरेना. इकडे आवणीचे, भातलावणीचे दिवस. काकी दिवसभर चिखलात वाकलेली आणि पोटात अळणी पेज. एक दिवस शेतातच कोसळली. मनीषाने, म्हणजे दिनेशच्या बायकोने, तिला शहापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं मीठ कमी झालंय, आधी नीट खायला घाला. काकीने डॉक्टरांना मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा अळणीच जेवली. वैशाली माझ्यावर चिडली. “तुमचंच ऐकते ती. काहीतरी सांगा आणि मीठ खाऊ घाला. मरेल ती अशाने.”

त्या दिवशी दुकानात अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मची गर्दी होती. नेट चालत नव्हतं, पालक माझ्या डोक्यावर उभे होते. काकी आली. ह्या खेपेला पायरीवर बसली नाही. बसली तर उठता येणार नाही म्हणून भिंतीला धरून उभी राहिली. “परकाशा, खाऊ का रे?” मी अॅप उघडलं. दोन दिवस ठिपका दिसतच नव्हता. आज दिसला, पण पाण्यात नाही, किनाऱ्याच्या आत, वाळवंटात. मी ते पाहिलं. एवढं मोठं जहाज वाळवंटात कसं असेल, हा प्रश्न माझ्या मनात आला, आणि मी तो बाजूला सारला. मला ती घरी जायला हवी होती. तिने मीठ खायला हवं होतं. दोन्हींतलं कोणतं आधी होतं, हे मी आजही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

मी म्हणालो, “जमिनीवर दिसतोय काकी.”

“जमिनीवर? उतरला?”

“उतरला असेल. खा.”

तिने भिंतीवरचा हात काढला, माझ्या डोक्यावरून फिरवला आणि गेली. संध्याकाळी आमच्याकडे सुकटीची चटणी नि भाकरी खाल्ली. बोटं चाटत म्हणाली, “मीठ कवडा गोड लागतो गो.” वैशालीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मी तिचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीतून मनीषाला फोन आला. जहाजावर काहीतरी येऊन आदळलं होतं, इंजिनरूमला आग लागली होती. दिनेश जिवंत होता, हात भाजले होते, तिकडच्याच कुठल्या इस्पितळात हलवलं होतं. जोएल गेला.

अंगणात सगळी आळी जमली. मनीषा रडत होती. काकी रडली नाही. ती मधोमध उकिडवी बसली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मी मीठ खाल्ला. काल खाल्ला. माज्यामुलं झाला ह्या.” कोणी म्हणालं, असं नसतं काकी. तिने ऐकलं नाही. “माज्या पोराचे हात घेतले ते घेतले. त्या जोयलच्या आयशीनं कुठं मीठ खाल्ला व्हता? तिचा पोर का घेतला?” पाटलांच्या म्हातारीने विचारलं, “पन तुला खायला सांगितला कोनी?”

मी पडवीच्या खांबाला टेकून उभा होतो. काकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मातीकडे बघत म्हणाली, “कोनी नाय. माजी जीभ.”

तिथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. मी बोललो नाही. घरी येऊन वैशालीला एवढंच म्हणालो की नशीब, दिनेश वाचला. तिनेही माझं ते ‘खा’ कोणाजवळ काढलं नाही.

दिनेश काही महिन्यांनी परत आला. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. भाकरी डाव्या हाताने खायचा. दिवाळीत मुलांनी फटाके लावले तेव्हा तो घरात माजघराच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता, मनीषाने दार लावून घेतलं. माझ्या दुकानात येऊन बसायचा, काकीसारखा पायरीवर नाही, खुर्चीत. रात्री दिवे बंद करून कसं जायचे, लाइफजॅकेट घालूनच कसं झोपायचे, ते सांगायचा. जोएलबद्दल एकदाच बोलला, की पाणी आणायला वर जायची पाळी दिनेशची होती, पण मी जाऊन येतो म्हणून जोएल गेला नि तो परत खाली आला, तेवढ्यात ते झालं.

एक दिवस तो हसत म्हणाला, “तिकडं एक गंमत व्हायची, परकाशदा. जीपीएस बिघडवून टाकतात. आमच्या कॅप्टनला स्क्रीनवर बोट वाळवंटात दिसायची. कधी विमानतळावर. आमी बोलायचो, चला रे, आलो घरी.” माझ्या हातात कोणाचं तरी आधार कार्ड होतं. ते मी मशीनमध्ये उलटं घातलं. दिनेशने पाहिलं आणि सरळ करून दिलं.

म्हणजे मला आता पुरतं माहीत झालं होतं. मी सांगितलं नाही. सांगायचं तर मग हेही सांगावं लागलं असतं की तो ठिपका बघताना मलाही तो खरा वाटला नव्हता.

आणि काकी त्या दिवसापासून पुन्हा अळणीच जेवत होती. आता ते कशासाठी, हे कोणाला कळत नव्हतं, जहाज तर राहिलं नव्हतं. ती कोणाला कारणही सांगायची नाही. घरात मनीषा तिच्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, टाकून बोलणं नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण बोलायची नाही. मनीषाने वैशालीला एकदा सांगितलं, “मला माहीत हाय मिठानं काय होत नाय. पण त्यांच्याकडं बघितला का मला ती सुकट आठवते.” काकी माझ्या पायरीवर यायची बंद झाली. हसायची बंद झाली. भात कापून झाल्यावर ती म्हशाकडे भावाकडे निघून गेली. जाताना सांगून गेली, चार दिवस राहून येते. ती परत आली नाही.

मग तिच्या भावाचा फोन आला की काकी पुन्हा पडली, मुरबाडच्या दवाखान्यात ठेवलं होतं, घरी आणली आहे, पण मीठ म्हटलं की तोंड फिरवते. दिनेश माझ्याकडे आला. म्हणाला, “दादा, मी सांगून थकलो. सही मी केली, आये, माजा निर्णय व्हता, किती वेला सांगितला. तू जा. तुजा ऐकंल ती.”

मी मोटरसायकल काढली. किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला आलो. स्टँडसमोर चहा घेतला आणि परत फिरावं असं वाटलं. दिनेशला काहीही सांगता आलं असतं. पण त्याचं ते ‘तुजा ऐकंल ती’ माझ्या कानातून जाईना. म्हशाच्या रस्त्याला लागलो.

काकी पडवीत बसली होती, भिंतीला टेकून, पाय पसरून. तिला पाय पसरून बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. पुढ्यात वालाच्या शेंगा होत्या, सोलत होती. मला पाहून म्हणाली, “डेऱ्या, वालला रे. बायको घालत नाय का?” आवाज पार बसला होता. मी जमिनीवर तिच्यासमोर बसलो.

“काकी, मला एक सांगायचंय.”

“सांग की.”

मी सांगितलं. ठिपका वाळवंटात होता, जहाज नव्हतं तिथे, ते मशीन फसवत होतं. आणि मलाही ते खरं वाटलं नव्हतं, तरी मी ‘खा’ म्हणालो. दुकानात गर्दी होती म्हणून म्हणालो, तू पडली होतीस म्हणून म्हणालो. अंगणात तू स्वतःवर घेतलंस तेव्हा मी खांबाला टेकून उभा होतो.

तिची बोटं शेंगांवर थांबली. मग म्हणाली, “मलाबी वाटला व्हता रे, बोट जमिनीवर कशी जाल. घरी जातापरेंत वाटत व्हता.” तिने एक शेंग उचलली, ठेवली. “पन तू बोललास.”

मला वर बघवेना. म्हणालो, “म्हणून तुझ्या पाया पडायला आलोय.”

“मला सांगून काय व्हनार?” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण राग होता. मी तिला कधी रागावलेली पाहिली नव्हती. “मी तुजा नाव नाय घेतला, का? तुजी आय नव्हती म्हनून. माजी सून माज्याशी बोलत नाय. तिच्या मनात काय हाय ते मी रोज तिच्या त्वांडावर वाचत व्हतं. तिला सांग. माज्यासमोर सांग. काड तुजी पाटी.”

मी फोन काढला. तिने फोन माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि परत दिला. “मोठ्या आवाजात लाव. मला आयकायचा हाय.”

मनीषाने फोन उचलला. मागे दिनेशचा आवाज येत होता, कोणाचा गो? काकी भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून, मान एका बाजूला कललेली. झोपली आहे असं वाटावं अशी, पण ओठ घट्ट मिटलेले होते.

“मनीषा, मी प्रकाश. म्हशाहून बोलतोय, काकी समोर बसली आहे,” मी म्हणालो. “दिनेशलाही जवळ बोलाव. त्या दिवशी काकीने आपल्या मनाने मीठ खाल्लं नाही. मी तिला खा म्हणून सांगितलं. जहाजाचा मला काहीही पत्ता नव्हता, तरी उतरला म्हणून खोटं सांगितलं. अंगणात तिने माझं नाव घेतलं नाही, आणि मीही पुढे आलो नाही. एवढे दिवस तुम्ही तिला दोषी धरलंत, तो दोष माझा होता. माझं चुकलं. तिची माफी मागितली आहे, तुमचीही मागतो.”